चोर, जादू आणि खुर्ची: मुंबईत घडणारी फँटसी रहस्यकादंबरी कशी लिहायची

चोरी, जादू आणि राजकारण ही तिन्ही सूत्रं एका कादंबरीत गुंफायला बसलेल्या बऱ्याच जणांचं हस्तलिखित साठ-सत्तर पानांवर अडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवात जादूपासून झालेली असते. नकाशा तयार होतो, मंत्रांची यादी होते, राजघराण्यांच्या वंशावळी होतात, आणि एवढं सगळं झाल्यावर चोरांनी नेमकं करायचं काय, हेच सुचत नाही.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी सत्ता, मग चोरी, मग जादू, आणि पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी. सोबत एक उदाहरण पायरीपायरीने रचत नेतो. ते १९०६ सालच्या मुंबईत घडतं. तुमची कादंबरी वेगळ्या काळातली असली तरी रचनेची रीत तीच लागेल.

चोर आणि राज्यक्रांती एका कथेत आणणं आपल्याकडे नवीन नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडून दागिने पळवतो, आणि तोच पुढे पालक राजाच्या कैदेतून आपल्या मित्राला, आर्यकाला, सोडवायला धावतो. शेवटी पालकाचं राज्य जातं. घरफोडीची रात्र आणि सिंहासन उलथण्याची घटना एकाच माणसाने जोडलेली आहे. आपल्याला हेच साधायचं आहे.

पायरी १: कोणाची खुर्ची हलते ते ठरवा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘अमुक वस्तू नाहीशी झाली, तर अमक्याची सत्ता जाते.’ हे वाक्य जमत नाही तोवर पुढे जाऊ नका. हिरा चोरीला गेला तर सावकाराचं नुकसान होतं, पण राज्य तिथेच राहतं. मग राजकारण वरून चिकटवल्यासारखं दिसतं आणि वाचकाला ते लगेच कळतं.

मुंबईत यासाठी मालमसाला भरपूर आहे. १८८८च्या कायद्यानुसार मुंबई महापालिकेत ७२ सभासद असत. त्यातले ३६ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसेस ऑफ द पीस यांनी (म्हणजे सरकारने हे पद दिलेल्या प्रतिष्ठित नागरिकांनी) निवडलेले, १६ सरकारने नेमलेले, २ विद्यापीठाचे आणि २ चेंबर ऑफ कॉमर्सचे. कारभार मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात. म्हणजे लोकांनी निवडलेले बरोबर निम्मे, आणि बाकीचे निम्मे चार वेगवेगळ्या दारांनी आत आलेले. कटकारस्थानाला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? १९०७ साली काही इंग्रज अधिकाऱ्यांनी जस्टिसेसच्या जागांवर आपली माणसं निवडून आणून महापालिकेतले वजनदार पुढारी फिरोजशहा मेहता यांना महापालिकेबाहेर ठेवण्याचा डाव रचला होता. इतिहासात तो ‘कॉकस’, म्हणजे गटबाजीचा कट, म्हणून नोंदला गेला आहे. असले खरे डाव वाचा. मतं कशी मोजली जातात, कोण कोणाला कशाची आठवण करून देतो, कोण ऐनवेळी आजारी पडतो, हे त्यातून शिकायला मिळतं.

उदाहरणासाठी आपला प्रश्न असा: महापालिकेत एका मताच्या फरकाने मंजूर झालेला ठराव उलटवायचा आहे.

पायरी २: चोरायची वस्तू स्वस्त असू द्या

इथे माझं मत ठाम आहे. मुकुट, मणी, तलवार, खजिन्याची किल्ली या वस्तू टाळा. बाजारात दोन आणे किंमत आणि सभागृहात राज्याएवढी किंमत, अशी वस्तू शोधा. शिक्का, दाखला, हजेरीपट, मोजणीचा नकाशा, खतावणी.

आपल्या कादंबरीत इतिवृत्ताची वही चोरीला जाते. कोणत्याही सभेचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असतं की पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा असतो. कादंबरीपुरता नियम असा धरू की वही समोर नसेल तर इतिवृत्त कायम होत नाही, आणि तोवर ठराव लटकलेला राहतो. पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे झिजलेली ती वही. चोराला ती विकता येत नाही, जवळ ठेवली तर फास बसतो, आणि जाळली तर सुपारी देणाऱ्यावर असलेला एकुलता एक वचक जातो. अशी वस्तू चोराच्या हातात आली की कथा आपोआप पुढे सरकते.

आता ठराव कशाबद्दल होता? १ जानेवारी १९०६ पासून भारतात प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. प्रमाणवेळ आल्यावरही ‘मुंबई वेळ’ शहरात टिकून राहिली, ती थेट १९५५ पर्यंत. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर दोन घड्याळं दोन वेळा दाखवत आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. रहस्यकथेच्या लेखकाला शहराने दिलेला हा नजराणा आहे. आपल्या कादंबरीतला ठराव मुंबई वेळ ठेवायची की नाही याचा.

पायरी ३: जादूला हद्द आणि किंमत द्या

फँटसी आणि रहस्य यांचं जन्मजात भांडण आहे. फँटसीत काहीही घडू शकतं आणि रहस्यात काहीही घडून चालत नाही. शेवटच्या प्रकरणात तपास करणाऱ्याने ‘तो भिंतीतून आरपार गेला’ असं सांगितलं आणि भिंतीतून जाता येतं हे वाचकाला आधी माहीतच नव्हतं, तर ती फसवणूक झाली. वाचक पुस्तक मिटतो आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक उघडत नाही.

उपाय एकच. जादू एकच ठेवा, तिचे सगळे नियम पहिल्या एक चतुर्थांशात वाचकासमोर मांडा, आणि त्यानंतर नवा नियम आणू नका.

आपली जादू अशी. दोन घड्याळांच्या मधल्या ३९ मिनिटांत काही माणसांना शिरता येतं. चोरांच्या भाषेत ती ‘फट’. तिचे नियम:

दोन्ही घड्याळांचे टोल जिथे ऐकू येतात, तिथेच शिरता येतं. म्हणजे बोरीबंदर स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत यांच्या आसपास. परळला किंवा माहीमला फट नाही.

फटीत ३९ मिनिटं मिळतात, बाहेर क्षणही सरकत नाही. हातात मावेल तेवढंच बाहेर आणता येतं.

बंद कुलूप फटीतही बंदच राहतं. हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जादूने चोराचं कसब निकामी केलं तर चोराची गोष्ट उरत नाही. कुलूप उघडायला बोटांतलं कौशल्यच लागलं पाहिजे.

आणि किंमत: फटीत शिरण्याआधीची ३९ मिनिटं शिरणाऱ्याच्या आठवणीतून कायमची पुसली जातात.

या शेवटच्या नियमाकडे नीट बघा. चोराला काम सांगणारा माणूस जर त्याला शिरण्याच्या आधी अर्धा तास भेटला, तर बाहेर आल्यावर चोराला तो आठवतच नाही. हातात वही आहे, पण कोणासाठी आणली ते माहीत नाही. सूत्रधार सुरक्षित, आणि चोरालाच स्वतःच्या चोरीचा तपास करावा लागतो. एका नियमाने रहस्य, चोर आणि कारस्थान एका दावणीला बांधले गेले. तुमच्या जादूची किंमत अशीच कथेच्या मुळाशी जाणारी हवी. ‘मंत्र म्हटल्यावर थकवा येतो’ एवढी किंमत पुरत नाही. थकलेला माणूस झोपतो आणि सकाळी ताजातवाना होतो.

जुन्या ग्रंथांतून इथे मोठी मदत मिळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ अधिकरणात, म्हणजे गुन्हेगारांच्या बंदोबस्ताच्या भागात, चोर पकडण्याची एक युक्ती आहे. सिद्धपुरुषाचं सोंग घेतलेले हेर चोरीकडे ओढा असलेल्या तरुणांना गाठतात. दार उघडण्याचा, अदृश्य होण्याचा, लोकांना झोपवण्याचा मंत्र आपल्याला येतो असं सांगतात. मग ज्या गावात सगळं आधीच ठरवून ठेवलेलं आहे तिथे त्यांना नेऊन मंत्राची ‘प्रचीती’ दाखवतात. तरुणांचा विश्वास बसला की त्यांना चोरीत अडकवून पकडतात. यातून दोन गोष्टी उचला. एक, चोरांच्या जादूचे तीन मूळ प्रकार इथेच मिळतात: दार, दृष्टी आणि झोप. दुसरी त्याहून मोलाची: तुमच्या जगात खऱ्या जादूइतकीच सरकारने रचलेली खोटी जादूही असू शकते. मधल्या भागात वाचकाला हलवायला हे उत्तम हत्यार आहे. मात्र खऱ्या जादूचे नियम तोवर पक्के झालेले असायला हवेत.

पायरी ४: घडलं ते आधी लिहा, सांगायचं ते नंतर

दोन वह्या घ्या. पहिलीत खरा घटनाक्रम तारीख-वेळेसकट लिहा. कोण कुठे होता, कोणाला भेटला, काय खोटं बोलला. यात एकही गुपित ठेवायचं नाही. दुसऱ्या वहीत प्रत्येक प्रकरणाअखेर वाचकाला काय माहीत आहे आणि तो काय समजतो आहे, हे लिहा. ‘माहीत आहे’ आणि ‘समजतो आहे’ यांतलं अंतर म्हणजेच तुमचं रहस्य.

एक खूण जवळून पाहू.

महापालिकेचा शिपाई जबानी देतो: ‘साडेचारला चिटणीसांच्या दालनाशी मी त्या इसमाला पाहिलं.’ स्टेशनावरचा हमाल सांगतो: ‘पाच वाजून नऊ मिनिटांनी तो माझ्यासमोर उभा होता, ओझ्याचा भाव विचारत होता.’ दोन्ही जबान्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, वेगवेगळ्या पानांवर येतात. वाचक हिशेब करतो: मध्ये ३९ मिनिटं गेली, वही उचलून रस्ता ओलांडायला पुष्कळ वेळ. संशयित पक्का झाला.

पण शिपाई मुंबई वेळ सांगतोय आणि हमाल रेल्वेची. मुंबई वेळेचे साडेचार म्हणजेच रेल्वेचे पाच वाजून नऊ मिनिटं. मध्ये वेळ गेलेलाच नाही. एकच माणूस एकाच क्षणी दोन ठिकाणी होता. म्हणजे एक साक्षीदार खोटं बोलतोय, किंवा तो माणूस फटीत शिरला होता.

हे प्रामाणिक ठरतं, कारण दोन वेळांची गोष्ट वाचकाला दुसऱ्याच प्रकरणात कळलेली असते. तीसुद्धा सहज. पोरगा विचारतो, ‘आई, मामा किती वाजता येणार?’ आणि पोळी लाटता लाटता आई म्हणते, ‘सहाला. पण आपल्या सहाला, सरकारी नव्हे. तू आत्ताच दारात जाऊन उभा राहशील, म्हणून सांगते.’ वाचक हसतो, पुढे जातो, आणि किल्ली त्याच्या खिशात पडलेली असते. महत्त्वाची माहिती घरगुती बोलण्यात, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात द्या. तपास करणाऱ्याच्या तोंडून दिलीत तर वाचक लगेच सावध होतो.

प्रत्येक निष्कर्षाला किमान तीन खुणा ठेवा. कौटिल्य हेरांच्या बाबतीत हेच सांगतो: एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली की विश्वास ठेवावा. तुमच्या खुणाही वेगवेगळ्या जातीच्या हव्यात. एक वेळेची, एक वस्तूची, एक वागण्याची. वागण्याची खूण आपल्याकडे आयती आहे. फटीतून आलेल्या माणसाची आधीची ३९ मिनिटं पुसली गेलेली असतात, म्हणून तो इराण्याकडे चहाचे पैसे दोनदा देतो. अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्याला पुन्हा ‘बरेच दिवसांनी दिसलात!’ म्हणतो. पहिल्या वाचनात हा विसरभोळेपणा वाटतो. असे दोन प्रसंग वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत घडवलेत, तर फटीत शिरणारा एकटा नाही हे चाणाक्ष वाचकाला तुमच्याआधी कळेल, आणि तो त्या आनंदात पुढची शंभर पानं वाचेल.

चकवे ठेवा, पण प्रत्येक चकव्यालाही स्वतःचं खरं उत्तर हवं. शिपाई घाबरलेला का दिसत होता? चोरीमुळे नव्हे, ड्युटी सोडून भावाला पाहायला इस्पितळात गेला होता म्हणून. त्या उत्तरातून शिपाई माणूस म्हणून उभा राहतो.

पायरी ५: टोळी

टोळीत किती जण हवेत? दंडसंहितेत जबरी चोरीत पाच किंवा अधिक जण सामील असले की तो दरोडा होतो आणि शिक्षा एकदम वाढते. हे तुमच्या टोळीला माहीत असतं. म्हणून चौघांत पाचवा घ्यायचा की नाही यावरून एक चांगलं भांडण लिहिता येतं. कथेच्या सोयीनेही चार ते पाच माणसंच वाचकाच्या डोक्यात राहतात.

कामं वाटा: टीप आणणारा, कुलूप उघडणारा, फटीत शिरणारी, माल खपवणारा. पण निव्वळ काम म्हणजे पात्र नव्हे. प्रत्येकाला या चोरीतून पैशाखेरीज काहीतरी वेगळं हवं असलं पाहिजे आणि ते एकमेकांच्या आड यायला हवं. कुलूप उघडणाऱ्याला मुंबई सोडून गावी जायचंय, फटीत शिरणारीला पुसलेल्या आठवणी परत हव्यात. मग एकाच वहीवरून दोघं एकमेकांसमोर उभे ठाकतात.

कसब दाखवताना बारीक जा. शर्विलक भिंत फोडण्याआधी विटा भाजलेल्या आहेत की कच्च्या ते बघतो, भगदाडाच्या सात आकारांमधून पूर्णकुंभ निवडतो, मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो, दाराची बिजागरी कुरकुरू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतो. बिजागरीवरचं ते पाणी वाचलं की हा माणूस कामातला आहे हे पटतं. तुमच्या टोळीलाही अशी दोन-तीन हातखंडा कामं द्या, जास्त नकोत.

एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. टोळीला जात देऊ नका. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसायला पुढच्या पिढ्यांना झगडावं लागलं, अजूनही लागतंय. ‘चोरांची जमात’ ही कल्पना फँटसीत फार सहज येते. काल्पनिक नाव दिलं तरी मराठी वाचकाला ती कुठून आली ते समजतं. चोर गरजेने, हौसेने, सूडाने, कसबाच्या ओढीने घडू द्या. तो कायदाच तुमच्या कथेतलं कारस्थान असेल, तर मात्र जरूर लिहा. त्या विषयावर चांगली कादंबरी यायला हवी.

पायरी ६: कारस्थान

राजकारणात चांगले आणि वाईट असे दोन गट केलेत की रहस्य संपलं. किमान तीन गट हवेत, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी पटणारं हवं. मुंबई वेळ ठेवायची या बाजूला शहराचा अभिमान बाळगणारे आहेत आणि त्यांच्या आडून फटीचा धंदा करणारेही आहेत. प्रमाणवेळ हवी म्हणणाऱ्यांत सरकारची री ओढणारे आहेत, तसा एखादा सच्चा माणूसही आहे, ज्याला ठाऊक आहे की फटीत गेलेली पोरं स्वतःला हळूहळू विसरत चालली आहेत. आता वाचकाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं? हा प्रश्न जेवढा अवघड, तेवढी कादंबरी चांगली.

सत्तेची माणसं आज्ञा देत नाहीत. बोलतात दुसरंच, आणि काम होऊन जातं. खलबताचा प्रसंग लिहिताना हे सांभाळा:

‘भाऊसाहेब, ठराव तर त्यांच्या बाजूने गेला.’

‘गेला खरा. पण कायम कुठे झालाय?’ भाऊसाहेबांनी पानाचा देठ खुडला. ‘पुढल्या सभेत वाचतील, मग होईल.’

‘आणि वाचायला काही नसलं तर?’

‘तुमच्या मेहुण्याच्या नोकरीचं काय झालं हो? परवा चिटणिसांकडे शब्द टाकलाय मी.’

सूत्रधार इथे चोरीबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढे तपास त्याच्यापर्यंत पोचला तरी तो म्हणू शकतो, मी तर नोकरीबद्दल बोलत होतो. पुराव्याची हीच अडचण तुमच्या शेवटाला धार देते.

पायरी ७: शहराकडून काम करून घ्या

मुंबईचं वर्णन करू नका, मुंबईला अडथळे निर्माण करू द्या. सगळ्यांत चांगला अडथळा समुद्र. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. म्हणजे पात्राला तिथे अडकवायचं असेल तर आधी तिथी ठरवा, मग वेळ. हिशेब चुकला तर कोळीवाड्यातला वाचक तुम्हाला पहिल्याच पत्रात सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

वेगळं बीज हवं असेल तरी शहरात तोटा नाही. कोटाच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या, तोवर अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट हे तीन दरवाजे होते. चर्चगेट हे नाव आजही रोज लाखोंच्या तोंडी असतं, दरवाजा मात्र नाही. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली त्याच्या चौकातून हलवला, तरी चौक त्याच नावाने ओळखला जात राहिला. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खाडी बुजवताना बांध पुन्हा पुन्हा वाहून जात होता आणि समुद्रातल्या देवीच्या मूर्ती बाहेर काढल्यावरच तो टिकला, ही आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असते. नाव उरलं पण वस्तू गेली, अशा जागांची यादी करा. ती वस्तू कोणी नेली, एवढा प्रश्न विचारलात तरी कादंबरी सुरू होते.

अभ्यासासाठी गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हाताशी ठेवा. बाजार, धंदे, पेहराव, सवयी, सगळं मराठीत आणि त्या काळच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, काळा घोड्याजवळचं राज्य पुरालेखागार आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय इथे जा. संग्रहालयातल्या कारागिरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघताना वही सोबत असू द्या. मग बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून महापालिकेसमोर उभे राहा आणि मधला रस्ता किती मिनिटांत ओलांडता येतो ते मोजा. महापालिकेची इमारत १८९३ची आणि स्टेशन तिच्याही आधीचं, त्यामुळे हे अंतर तुमच्या चोरांच्या काळातही एवढंच होतं.

पायरी ८: प्रकरणं

ऐंशी हजार शब्द आणि चाळीसेक प्रकरणं हा पहिल्या कादंबरीला झेपणारा आवाका आहे. चोरी पहिल्या तृतीयांशाच्या आत उरकून टाका. अनेक जण ती शेवटासाठी राखून ठेवतात आणि मग तपासाला जागाच उरत नाही. मध्यावर दुसरी चोरी घडवा आणि तिने पहिल्या चोरीचा अर्थ बदलू द्या. आपल्या उदाहरणात वही परत जागेवर सापडते, फक्त एक पान बदललेलं असतं. आता प्रश्न ‘वही कोणी नेली’ हा राहत नाही, ‘कोणतं पान कोणाला नको होतं’ हा होतो.

पहिलं प्रकरण लिहायला आता बसा. चोराच्या हातात वही आहे, आणि ती कोणासाठी आणली ते त्याला आठवत नाही.

पायरी ९: भाषा

१९०६ची मुंबई लिहायची म्हणून अख्खी कादंबरी त्या काळच्या मराठीत लिहू नका. निवेदन आजच्या सरळ मराठीत ठेवा, आणि काळ संबोधनांतून आणि वस्तूंच्या नावांतून येऊ द्या. शिपाई कारकुनाला ‘रावसाहेब’ म्हणेल, टोळीतला पोरगा म्होरक्याला ‘उस्ताद’ म्हणेल, कोळीण गिऱ्हाइकाला एकेरीत सुनावेल. बोलीचा वापर प्रत्येक पात्राला एखाद-दोन लकबींपुरता करा. पानभर बोली लिहिली आणि ती चुकली, तर त्या बोलीच्या माणसाला ते लागतं.

जादूसाठी जड संस्कृत नावं टाळा. ‘कालविवरप्रवेश’ म्हणणारा चोर कोणी पाहिलाय? फट, बारी, चोरवाट, आडोसा असे रोजचे शब्द घ्या. चोर आपल्या धंद्यातल्या गोष्टींना छोटीच नावं देतात. राजकारणी मंडळी त्याच गोष्टीला ठरावात लांबलचक नाव देतील, तो फरक जरूर दाखवा.

पायरी १०: परीक्षा

खर्डा पूर्ण झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग तीन वेळा वाचा, दर वेळी एकाच सूत्रासाठी. पहिल्या वाचनात फक्त वेळा आणि जागा तपासा, दोन्ही घड्याळांचा हिशेब समासात मांडत. दुसऱ्या वाचनात फक्त जादू: एखाद्या नियमाला तुम्ही स्वतःच कुठे बगल दिली आहे का? तिसऱ्या वाचनात फक्त सूत्रधार: तो दिसत नसतानाही त्या त्या दिवशी काय करत होता हे प्रत्येक प्रकरणाला सांगता येतं का? येत नसेल तर तो माणूस नाही, लेखकाची सोय आहे. पहिल्या वहीत परत जा आणि त्याचे दिवस भरा.

यानंतर चार-पाच वाचकांना हस्तलिखित द्या, पण शेवटची दहा प्रकरणं काढून. त्यांना दोन प्रश्न लिहून द्या: हे कोणी केलं, आणि तुम्हाला असं का वाटतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. सगळ्यांनी बरोबर ओळखलं आणि कारणंही बरोबर दिली, तर एक खूण काढून टाका. बरोबर ओळखलं पण ‘तोच एक उरला होता म्हणून’ असं कारण दिलं, तर संशयित कमी पडले आहेत. कोणालाच जमलं नाही, तर उरलेली प्रकरणं वाचायला देऊन विचारा की उत्तर कळल्यावर मागची पानं उलटून बघाविशी वाटली का. वाटली असतील तर शेवटाला हात लावू नका. नसतील, तर दुसऱ्या प्रकरणापासून खुणा पुन्हा पेरायला घ्या.